क्षमेचा बोजा

२०२५ च्या एप्रिलमध्ये ओडिशातल्या केओंझरच्या तुरुंगातून महेंद्र हेम्ब्रम बाहेर आला. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारल्याबद्दल जन्मठेप झालेला हा कैदी. पंचवीस वर्षे आत काढल्यावर वर्तणूक चांगली म्हणून त्याला मुदतीआधी सोडण्यात आले. याच प्रकरणातला मुख्य दोषी दारा सिंग यानेही सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. बातमी आली आणि जुना वाद नव्याने पेटला. एका बाजूने विचारणा झाली : स्टेन्सच्या पत्नीने तर तेव्हाच माफ केले होते, तुमचा देव म्हणे पाप्यांवर प्रेम करतो, मग आता तुम्हा ख्रिस्ती लोकांना त्रास कसला? दुसऱ्या बाजूला आमच्याच मंडळीतली तरुण मुले होती. उपासना संपल्यावर आवारातल्या लिंबाखाली उभी राहून ती म्हणत होती, ‘क्षमा क्षमा करूनच आपण मार खातो. बास झालं.’

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि चूक एकच आहे. क्षमा म्हणजे घडलेली गोष्ट घडलीच नाही असे मानणे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. एकाला ते सोयीचे वाटते, दुसऱ्याला संतापजनक. ख्रिस्ती श्रद्धेतली देवाची क्षमा तशी नाही. तिथे पापाला आधी पाप म्हणावे लागते, ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि ज्याने केले त्याच्यासाठी परतीची वाट उघडी ठेवली जाते. या तिन्हींतले एकही वगळले तर उरते ती क्षमा नव्हे.

मुळात ग्लॅडिस स्टेन्स यांनी काय केले होते? २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले ग्रॅहम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी यांना जमावाने जिवंत जाळले. ग्रॅहम १९६५ पासून मयूरभंज जिल्ह्यातल्या बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. ग्लॅडिस आणि तेरा वर्षांची मुलगी एस्थर मागे राहिल्या. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे असे ग्लॅडिस यांनी सांगितले; त्याचबरोबर, क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, कायद्याने आपले काम करावे, हेही स्पष्ट केले. मग त्या तिथेच राहिल्या, पुढची पाच वर्षे, त्याच कुष्ठरोग्यांमध्ये. खटला चालला. २००३ मध्ये दारा सिंगला फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या सगळ्या प्रवासात त्या बाईंची क्षमा कुठल्याही निकालपत्राच्या आड आली नाही. मग आज ती सुटकेच्या अर्जाला जोडायचा दाखला कशी झाली? शिक्षेत सूट द्यायची की नाही, हे सरकारने आणि न्यायालयाने नियमांप्रमाणे ठरवावे. तिथे धर्मश्रद्धेचा संबंध नाही. एका विधवेने दिलेली क्षमा परस्पर उचलून स्वतःच्या सोयीला वापरणे ही मात्र दुसरी चोरी आहे.

हा फरक मला कुठल्या ईशज्ञानाच्या ग्रंथातून कळला नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझी एक मावशी होती. तिचे यजमान वारल्यावर वारसनोंदीत दिराने तिचे नाव लागूच दिले नाही. चार एकर जिरायत त्याने एकट्याच्या नावावर करून घेतली, आणि मावशी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. काही वर्षांनी, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, आमचे पाळक त्या दिराला घेऊन तिच्या ओसरीवर आले. ती सुपात बाजरी पाखडत होती. दीर खाली मान घालून म्हणाला, ‘वहिनी, चुकलो. माफ करा.’ मावशीने सूप थांबवले. ‘केलं माफ, भावजी,’ ती म्हणाली, ‘आता सातबारा आणा.’ पाळक दुखावले. क्षमेला अट घालू नये, असे त्यांनी समजावले. त्यावर ती शांतपणे बोलली ते मी कधी विसरणार नाही : ‘अट कुठं घातली, पाळकसाहेब? माफ केलं म्हणून तर ते दारात उभे आहेत. पण माझं नाव उताऱ्यावर नाही. ते माफीनं कसं चढल?’

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने शास्त्र बरोबर ओळखले होते. आमच्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत ‘पाप’ हा शब्द या जागी नाहीच. तिथे आम्ही म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ऋण. म्हणजे हिशेब आहे, रक्कम आहे, देणेकरी आहे. कर्जमाफीची घोषणा ऐकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की सातबाऱ्यावरचा बोजा हवेत विरून जात नाही. तो कमी होतो तेव्हा कुणाच्या तरी तिजोरीतून पैसे गेलेले असतात. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे बघतो तो याच नजरेने. देवाने पापे सोडली म्हणजे ‘जाऊ दे, काही झाले नाही’ म्हणून हात झटकले असे आम्ही मानत नाही. ते देणे इतके खरे होते की ते त्याने स्वतःवर घेतले, असे आम्ही मानतो. जो देव पाप क्षुल्लक मानतो त्याला क्रूस कशाला लागेल?

आता विरोधी मुद्दे. त्यातले काही इतके जड आहेत की ते बाजूला सारून पुढे गेलो तर माझे म्हणणे पोकळ ठरेल.

पहिला मुद्दा न्यायाचा. आउश्वित्झ छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ होएस हा लाखो ज्यूंच्या मृत्यूला जबाबदार होता. १९४७ च्या एप्रिलमध्ये, फाशीच्या काही दिवस आधी, त्याने कॅथॉलिक धर्मगुरूपुढे पापनिवेदन केले आणि त्याला पापमुक्ती दिली गेली. ऐकताना पोटात खड्डा पडतो. जी लेकरे त्याच्या हुकमाने विषारी वायूच्या कोठडीत गेली त्यांच्या आयांना कुणी विचारले? एका धर्मगुरूने हात उंचावला की सगळे धुतले? हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही, आणि काढूही नये असे मला वाटते. मात्र त्यानंतरची हकिकत महत्त्वाची आहे. १६ एप्रिल १९४७ ला त्याच आउश्वित्झमध्ये त्याला फासावर लटकवण्यात आले. पापमुक्तीने फास सैल झाला नाही, आणि तो सैल करा असे त्या धर्मगुरूनेही म्हटले नाही. दुसरी गोष्ट, मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. ज्यू परंपरेत योम किप्पुरचा प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या पापांसाठी असतो. शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापासाठी आधी शेजाऱ्याचे समाधान करावे लागते. येशू त्याच परंपरेतला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असे तो डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. ज्यांचा भाऊ आता जिवंतच नाही त्यांनी कुठे जावे? होएस उरलेल्या आयुष्यभर पश्चात्ताप करत राहिला असता तरी ते देणे फिटले नसते. देवाने त्याला जवळ घेतले असेल तर ते त्या लेकरांच्या देखतच घेतले असेल. त्यांना डावलून देव न्यायी राहत नाही. याहून पुढचे मला दिसत नाही, आणि दिसते असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरा मुद्दा स्वस्ताईचा. ‘रविवारी कबूल करायचे, सोमवारी पुन्हा करायचे.’ हे आमच्याबद्दल इतक्या वेळा म्हटले जाते की आम्हीही ते मुकाट्याने ऐकून घेतो. पण ही भीती सर्वांत आधी खुद्द चर्चलाच वाटली होती. इसवी सन २५० मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला : प्रत्येकाने रोमन देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. हजारो ख्रिस्ती घाबरले. कुणी बळी दिला, कुणी पैसे चारून खोटा दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसे चर्चच्या दाराशी परत आली. काय करायचे त्यांचे? रोमचा धर्मगुरू नोवाशियन याने सांगितले की यांना पुन्हा घ्यायचे नाही, कधीच नाही. उलट उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, तुरुंगात छळ सोसलेले काही श्रद्धावीर या लोकांना क्षमेच्या चिठ्ठ्या सढळ हाताने वाटू लागले. चिठ्ठी दाखवा, आत या. कार्थेजचा बिशप सिप्रियन या दोन्हींच्या मध्ये उभा राहिला. दार बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण चिठ्ठीवर आत घेणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे आहे, असे त्याचे म्हणणे होते. २५१ च्या सभेत ठरले की प्रायश्चित्ताचा काळ पाळावा, प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासावे, मग परत घ्यावे. सिप्रियनचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला. तो काही बोटचेपा माणूस नव्हता. आमच्या लिंबाखालच्या मुलांमध्ये मला नोवाशियन दिसतो, आणि ‘माफ केले ना, मग झाले’ म्हणणाऱ्यांमध्ये चिठ्ठ्या वाटणारे दिसतात. हा वाद पावणेअठराशे वर्षांचा आहे, आणि आपण तो पहिल्या पायरीपासून घालत बसलो आहोत.

तिसरा मुद्दा माझ्या सर्वांत जिव्हारी लागतो, कारण तो आमच्या घरातला आहे. क्षमेचा उपदेश नेहमी कुणाला केला जातो? मार खाणाऱ्या बायकोला. ज्याची जमीन गेली त्याला. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्यांना. महाराष्ट्रातल्या आमच्या मंडळ्यांपैकी बहुतेकांचे पणजोबा याच वस्त्यांतून आले, त्यामुळे ‘सोसा आणि सोडा’ हा धडा कुणाच्या फायद्याचा असतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आणि चर्चने स्वतः काय केले? २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये उघड झाले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ वर्षानुवर्षे एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत राहिले. पश्चात्ताप झाला आहे, उपचार झाले आहेत, आता क्षमेने वागू या, अशी भाषा तिथेही होती. त्या वर्षाअखेर तिथल्या कार्डिनलना पद सोडावे लागले. इथे क्षमा हा शब्द लांडग्याच्या अंगावरचे मेंढराचे कातडे झाला. ज्यांनी तो तसा वापरला त्यांनी त्या मुलांइतकेच सुवार्तेलाही दुखावले.

तरीही मी म्हणेन की दोष सुवार्तेचा नाही, ती अर्धीच वाचणाऱ्यांचा आहे. ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा कर’ हे वचन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. ज्या पाळकाने एखाद्या मारखाऊ बाईला ते ऐकवले, त्याने त्याच अध्यायात चार ओळी वर जाऊन पाहावे. तिथे येशू सांगतो : भावाने अपराध केला तर त्याला एकांतात त्याचा दोष दाखव, नाही ऐकले तर दोघा-तिघांना बरोबर ने, तरीही नाही ऐकले तर मंडळीपुढे मांड, तिचेही नाही ऐकले तर तो तुला परका होवो. याच अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असेही तो म्हणतो. हा क्षमेचाच अध्याय आहे. आणि जक्कय? लोकांना लुबाडून गबर झालेल्या त्या जकातदाराच्या घरी येशू न बोलावता जेवायला गेला. आधी प्रेम आले, अट नंतरही नव्हती. पण जेवता जेवता जक्कयच उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. माझ्या मावशीने जे मागितले ते चौपटही नव्हते, एकपटच होते.

दक्षिण आफ्रिकेत हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सत्य आणि समेट आयोगाने जाहीर सुनावण्या घेतल्या. माफी हवी असेल तर केलेले सगळे उघड सांगायचे, लपवले तर माफी नाही. सात हजारांहून अधिक अर्ज आले, साडेआठशेच्या आसपास मंजूर झाले. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको यांचा १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणातल्या पोलिसांनी खरे सांगितले नाही म्हणून त्यांचे अर्ज फेटाळले गेले. माफी फुकट वाटली नाही, याचा मला अभिमान वाटतो. पण बिकोंच्या कुटुंबाचा माफीच्या कल्पनेलाच विरोध होता. ते त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि हरले, हेही सांगितले पाहिजे. पीडितांना भरपाई म्हणून आयोगाने सुचवले त्याहून फार कमी, एकरकमी तीस हजार रँड, मिळाले आणि तेही २००३ उजाडल्यावर. आज तिथला तरुण त्या समेटावर चिडतो तो का, हे यातून समजते. सत्य बाहेर आले, सातबारा आला नाही.

इतके सगळे मान्य केल्यावर कुणी विचारेल, मग देवाचे पाप्यावरचे प्रेम म्हणजे उरले तरी काय? न्यायच हवा असेल तर प्रेम कशाला मध्ये आणता?

पंडिता रमाबाईंना हाच प्रश्न पडला होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींकडे, राहिल्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेले. तिथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवले जात होते. अशा बायकांवर कुणी माया करते, त्यांच्यासाठी खपते, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने तिथल्या सिस्टरला विचारले की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्या सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली : भर दुपारी एकटीच विहिरीवर पाण्याला आलेली बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्या साली २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी पुढे त्यांनी पुण्यात काय काय सोसले हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण फुलहॅमला जे पाहिले ते त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात उभे केले. तिथल्या एका घराचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले. कृपा हा आमच्यासाठी नुसता उपासनेतला शब्द नाही. दौंडजवळच्या माळरानावर तिला छप्पर होते, विहीर होती, स्वयंपाकघर होते.

रमाबाईंच्या नजरेतून पाहिले की आणखी एक गोष्ट उघडी पडते. त्या घरात आलेल्या बायकांनी पाप केले होते, की त्यांच्यावर पाप झाले होते? व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूपुढे उभे केले जाते, तेव्हा तिच्याबरोबरचा पुरुष कुठे असतो? पापी ठरवण्याची सत्ता समाजात काहींच्याच हाती असते, आणि क्षमेची सोयही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. येशूने ही मांडणी उलटी केली. धोंडे उचललेल्यांना त्याने आपल्या पापाची आठवण करून दिली, आणि तिला उभे राहायला जागा दिली. ‘यापुढे पाप करू नको’ असेही तो तिला म्हणाला. पण आधी तिच्याभोवतीचे धोंडे खाली पडले होते. देवाचे प्रेम पाप्याला ‘तू संपलास’ असे म्हणू देत नाही. ज्ञानदेवांनी मागितले ते खळांचे मरण नव्हते, त्यांची व्यंकटी सांडावी हे मागणे होते. आम्ही ख्रिस्ती मराठी माणसे पसायदान म्हणताना कुठे अडखळत नाही, ते यामुळेच.

म्हणून हेम्ब्रम तुरुंगाबाहेर आला याचे मला दुःख नाही. तो आत कुजून मरावा अशी प्रार्थना माझ्या तोंडून निघणार नाही. निघाली तर रविवारी ‘आमची ऋणे सोड’ म्हणताना माझी जीभ अडखळेल. पण ‘आता विषय संपला’ असे मला कुणी सांगू नये. फिलिपचे वय दहाच राहिले. टिमोथीचे सहा. त्या रात्री गाडीभोवती जो जमाव होता त्यात कोण कोण होते, त्यांना काय सांगून तिथे आणले होते, हे कधीतरी कुणी उभे राहून खरेखरे बोलावे, याची मी वाट पाहत राहीन.

मावशीच्या दिराला अडीच वर्षे लागली. मधल्या काळात ती त्याच्या घरच्या लग्नाला गेली, तो आजारी पडला तेव्हा पेज घेऊन गेली, आणि भेटला की दर वेळी सातबाऱ्याचे विचारले. एका उन्हाळ्यात तो फेरफाराचा कागद घेऊन आला. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. मी तिचे नाव मोठ्याने वाचले. तिने ते मला पुन्हा वाचायला लावले. मग ती आत गेली आणि तीन ताटे घेतली.